पाणी बाधते तेव्हा

परगावी गेलेल्या माणसाची प्रकृती बिघडली की ‘तिथले पाणी बाधले’ असे आपण सहज म्हणून जातो. बदलीच्या गावी चार-सहा महिने काढल्यावर तब्येत सुधारली, तर ‘पाणी मानवले’ असेही म्हणतो. बँकेच्या नोकरीनिमित्त देशभर फिरलेल्या मंडळींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना हे दोन्ही शब्दप्रयोग चांगलेच परिचयाचे असतील. या साध्या बोलण्यामागे एक जुनी जाण आहे. रोगाचे मूळ प्रत्येक वेळी माणसाच्या शरीरातच असते असे नाही. तो जेथे राहतो तेथील हवा, पाणी आणि माती यांचाही त्यात वाटा असतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंस’ या विषयाला वाहिलेला एक अध्याय आहे. निरनिराळ्या प्रकृतीची, निरनिराळा आहार घेणारी माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का ग्रासली जातात, असा प्रश्न तेथे उपस्थित केला आहे. आणि उत्तरादाखल वायू, उदक, देश व काल या चार गोष्टींच्या बिघाडाकडे बोट दाखविले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाचे शीर्षकही ‘हवा, पाणी आणि स्थळे’ असेच आहे. आधुनिक विज्ञानाने या जाणिवेला मोजमापाची जोड दिली. परिसर आणि आरोग्य यांचा संबंध फार विस्तृत आहे. प्रस्तुत लेखात आपण केवळ जमीन आणि तिच्या पोटातील पाणी यांच्यामुळे होणाऱ्या विकारांचा विचार करू. आपल्या देशात कोट्यवधी लोक विहीर, हापसा किंवा कूपनलिका यांचे पाणी पितात. त्यामुळे हा विषय शहरात आणि खेड्यात, दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे.

एका चांगल्या हेतूची कहाणी

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाशी वसलेला बंगालचा प्रदेश म्हणजे पाण्याचे माहेरघर. प्रत्येक खेड्यात पुकुर, म्हणजे तळे असायचे. आंघोळ, धुणे, गुरे आणि पिण्याचे पाणी या सर्वांसाठी तेच तळे वापरले जाई. साहजिकच पटकी, अतिसार, विषमज्वर हे रोग तेथे कायमचे मुक्कामाला असत. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये पटकीच्या जंतूचा निर्णायक अभ्यास केला तो कोलकात्यातच, आणि हा जंतू त्याला तेथील एका तळ्याच्या पाण्यातही सापडला होता.

तळ्याचे पाणी दूषित, तर जमिनीखालचे स्वच्छ, हा विचार यातूनच पुढे आला. १९७० च्या दशकापासून शासन, युनिसेफसारख्या संस्था आणि पुढे स्वतः गावकरी यांनी बांगलादेशात व पश्चिम बंगालमध्ये उथळ नलिकाकूप खोदण्यास आरंभ केला. गाळाची मऊ जमीन असल्याने हे काम स्वस्तात आणि थोड्या वेळात होई. पाहता पाहता लाखो नलिकाकूप उभे राहिले. पाणी नितळ होते, थंड होते, त्याला वास नव्हता. तळ्याच्या पाण्यामुळे होणाऱ्या रोगांपासून सुटकेचा मार्ग सापडला, असे सर्वांनाच वाटले. या पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे पाहिले जात होते. आर्सेनिक आहे का, हे तपासण्याचे मात्र कोणालाही सुचले नाही.

आर्सेनिक आपल्याला अपरिचित नाही. ज्याला आपण सोमल म्हणतो तो आर्सेनिकचाच ऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच गंधकयुक्त खनिजे. सोमल हे जहाल विष आहे हे सर्वांस ठाऊक असते. परंतु रंग, वास वा चव यांपैकी कशानेही ओळखू न येता, अतिशय सूक्ष्म प्रमाणात, रोजच्या पेल्यातून ते वर्षानुवर्षे पोटात जाऊ शकते, ही कल्पना नवी होती.

निदान कसे झाले

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रुग्ण आले. त्यांच्या छातीवर व पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे डाग होते आणि तळहात व तळपाय यांवर कठीण गाठी आल्या होत्या. हा महारोग नव्हे, हे डॉ. साहा यांनी ओळखले. रुग्णांच्या पाण्याची तपासणी झाली आणि आर्सेनिकचा माग लागला. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगावी फिरून पाण्याचे, केसांचे व नखांचे नमुने तपासले. या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बांगलादेशात १९९३ मध्ये नलिकाकूपांतील आर्सेनिक प्रथम आढळले. १९९८-९९ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेश शासन यांनी सुमारे साडेतीन हजार कूपांची पाहणी केली. त्यांतील उथळ कूपांपैकी २७ टक्क्यांमध्ये आर्सेनिकचे प्रमाण लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या तेथील मर्यादेपेक्षा अधिक होते. सुमारे साडेतीन कोटी लोक असे पाणी पीत असावेत, असा अंदाज त्यावरून बांधण्यात आला. एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा होय, असे २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात नमूद करण्यात आले. त्यानंतर २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात आणि २००३ मध्ये उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यातही हा प्रश्न उघडकीस आला. गंगेच्या काठाने तो वरपर्यंत पसरलेला होता.

पाण्यात विष आले कोठून?

एखाद्या कारखान्याने हे विष सोडले असावे, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. येथे मात्र कारण निसर्गातच होते. हिमालयातील खडकांची झीज होऊन निर्माण झालेला गाळ नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणला आणि त्रिभुज प्रदेशात पसरला. या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या थराला चिकटून राहते. जोपर्यंत ते तसे चिकटलेले आहे तोपर्यंत पाण्याला त्याचा उपद्रव नाही.

परंतु या गाळात कुजलेला पालापाचोळा व इतर सेंद्रिय द्रव्येही पुरली गेलेली असतात. त्यांवर जगणारे सूक्ष्मजीव प्रथम पाण्यातील प्राणवायू संपवितात. प्राणवायू संपल्यावर ते श्वसनासाठी लोहाच्या गंजाचा उपयोग करतात. गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरते. ही क्रिया प्रामुख्याने उथळ थरांतील तरुण गाळात घडते. सुमारे दीडशे मीटरपेक्षा खोल असलेल्या जुन्या थरांतील पाण्यात आर्सेनिक सहसा फार कमी असते. उघड्या तळ्यात व आडाच्या पाण्यात हवा मिसळत असल्याने तेथेही ते बहुधा कमीच आढळते. म्हणजे लोकांनी जे पाणी सोडले त्यात जंतू होते, आणि जे स्वीकारले त्यात आर्सेनिक होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाळाचे थर सर्वत्र एकसारखे नसतात. त्यामुळे एका घरच्या कूपाचे पाणी विषारी आणि तीस-चाळीस पावलांवरील शेजाऱ्याचे निर्दोष, असेही घडते. केवळ गावाच्या नावावरून पाण्याची परीक्षा होत नाही. प्रत्येक कूप स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

शरीरात काय घडते

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम अशी ठरविली. भारतीय मानक ब्यूरोची स्वीकार्य मर्यादाही हीच आहे. हे प्रमाण किती अल्प आहे? दहा हजार लिटरचे दहा टँकर भरावेत आणि त्या सर्वांत मिळून केवळ एक ग्रॅम आर्सेनिक मिसळावे. तेवढ्याने ही मर्यादा गाठली जाते.

पोटात गेलेले आर्सेनिक पेशींतील प्रथिनांमध्ये असलेल्या गंधकाच्या अणूंशी जोडले जाते आणि त्या प्रथिनांचे कार्य बिघडविते. यकृत त्याचे रूपांतर करून ते लघवीवाटे बाहेर टाकण्याचा प्रयत्न करते. ही क्षमता सर्वांमध्ये सारखी नसते. ज्यांचा आहार निकृष्ट आहे त्यांच्यात ती कमी पडते. म्हणूनच एकाच कूपाचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी गरिबाच्या घरी विकार अधिक तीव्र दिसतो. त्वचेवरील लक्षणे दिसू लागण्यास बहुधा काही वर्षे जावी लागतात. त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचे कर्करोग तर कित्येक दशकांनी डोके वर काढतात.

या दीर्घ विलंबाचा पुरावा चिली देशातील अँटोफगास्ता या शहराने दिला आहे. १९५८ मध्ये तेथे अँडीज पर्वतातील नद्यांचे पाणी आणण्यात आले. त्यात लिटरमागे आठशे मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. सन १९७० च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र उभारले गेले व प्रमाण झपाट्याने खाली आले. तरीही फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतर अनेक वर्षे इतर भागांपेक्षा पुष्कळ अधिकच राहिले. बारा-तेरा वर्षे प्यालेल्या पाण्याचा हिशेब त्या शहराला पुढे कित्येक दशके चुकवावा लागला. थकलेल्या कर्जावर व्याज चढत जावे, तसाच हा प्रकार होय.

बंगालमध्ये या विकाराला एक सामाजिक बाजूही होती. अंगावरील डाग पाहून लोकांना महारोगाचा संशय येई. मुलींची लग्ने अडत, सुनांना माहेरी धाडले जाई, मुलांना शाळेत वेगळे बसविले जाई. वास्तविक हा विकार संसर्गजन्य नाही. दोष पाण्याचा असताना शिक्षा मात्र रुग्णाला भोगावी लागली.

दख्खनच्या खडकातील फ्लोराइड

गाळाच्या प्रदेशात जे आर्सेनिकने केले, ते खडकाळ प्रदेशात फ्लोराइडने केले आहे. भारतात हा विकार १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदविला गेला. शेतीच्या कामाला जुंपलेल्या बैलांचे आणि माणसांचे सांधे अकाली आखडत असल्याचे तेथे दिसून आले होते. पुढे तेलंगणातील नलगोंडा जिल्हा या विकारासाठी दुर्दैवाने प्रसिद्ध झाला. राजस्थान, गुजरात, कर्नाटक आदी राज्यांतही त्याचा उपद्रव आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा असला, तरी चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांना या प्रश्नाने ग्रासले आहे.

ग्रॅनाइटसारख्या खडकांत फ्लोरिनची खनिजे असतात. पाणी खडकाच्या भेगांत जितका अधिक काळ राहील, तितके फ्लोराइड त्यात अधिक विरघळते. उथळ विहिरीचे पाणी दर पावसाळ्यात नवे होते. खोल विंधन विहिरीचे पाणी मात्र पुष्कळदा फार जुने असते. म्हणून पाण्याची पातळी खालावत गेली आणि आपण अधिकाधिक खोल जाऊ लागलो, तसा हा धोका वाढत गेला. येथे खोलीचा नियम बंगालच्या अगदी उलट आहे. एका प्रदेशातील तोडगा दुसऱ्या प्रदेशात डोळे झाकून लावता येत नाही, तो यामुळेच.

दात व हाडे यांच्या खनिजात फ्लोराइड सहज शिरकाव करते. अत्यल्प प्रमाणात ते दातांना बळकटी देते. प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेले की अपाय सुरू होतो. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तेथे दीड मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. लहान मुलांचे कायमचे दात घडत असताना असे पाणी पोटात गेले, तर दातांवर खडूसारखे पांढरे वा तपकिरी पट्टे उमटतात. पुढे अनेक वर्षांनी पाठीचा कणा व सांधे ताठ होतात, मान वळत नाही, काहींचे पाय गुडघ्यांत वाकडे होतात. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा परिणाम अधिक तीव्र होतो. हाडांचे बिघडलेले स्वरूप पुन्हा पूर्ववत करणारे औषध नाही. प्रतिबंध हाच खरा उपाय.

जे नसते त्यामुळेही

परिसरातील एखाद्या द्रव्याचा अतिरेक जसा रोगकारक, तसाच अभावही. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी दिसे. बर्फ, पाऊस आणि पूर यांनी तेथील मातीतील आयोडीन धुऊन नेले. त्यामुळे धान्यात, भाजीत व पाण्यातही ते उरले नाही. आयोडीनवाचून कंठग्रंथीला संप्रेरक तयार करता येत नाही, म्हणून ती फुगत जाते. गर्भवतीला आयोडीन कमी पडल्यास बालकाची बौद्धिक वाढ खुंटते, ही याहूनही गंभीर बाब.

डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक साधा प्रयोग केला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांनी पाहणी केली असता, आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले होते, साध्या मिठाच्या भागात नव्हते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मातीतील उणीव मिठाच्या डब्यातून भरून काढता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. परिसरजन्य रोगांपुढे माणूस हतबल नाही, याचे हे मोठे उदाहरण आहे.

आपण काय करू शकतो

या तीनही कहाण्यांतून काही समान सूत्रे हाती लागतात. विकार जडणे न जडणे हे केवळ द्रव्यावर नव्हे, तर त्याची मात्रा, सेवनाचा काळ, माणसाचे वय व त्याचा आहार यांवर अवलंबून असते. कारण आणि परिणाम यांत वर्षांचे अंतर असते, म्हणून संशय लवकर येत नाही. आणि डोळ्यांना नितळ दिसणारे पाणी निर्दोष असेलच, असे नाही. या सूत्रांवरून पुढील गोष्टी सुचविता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्याची तपासणी. नवी कूपनलिका घेतल्यावर पाणी किती लागले, हे आपण आवर्जून विचारतो. ते कसे लागले, हेही विचारावयास हवे. विहीर वा विंधन विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्या, जमीन वा घर विकत घेणाऱ्या ग्राहकाने पाण्याच्या रासायनिक तपासणीचा अल्प खर्च प्रारंभीच हिशेबात धरावा. जिल्हा पातळीवरील शासकीय प्रयोगशाळांतून अशी तपासणी करून मिळते. केवळ जंतूंची तपासणी पुरेशी नाही. फ्लोराइड, नायट्रेट आणि गाळाच्या प्रदेशात आर्सेनिक यांची चाचणी स्पष्टपणे मागावी.

दुसरी गोष्ट, उकळण्याविषयीचा गैरसमज. उकळल्याने जंतू मरतात, म्हणून ती सवय उत्तमच आहे. परंतु आर्सेनिक व फ्लोराइड उकळल्याने जात नाहीत. वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटी फिरवून किंवा साध्या मेणबत्तीच्या गाळण्याने पाणी स्वच्छ दिसेल, पण त्यावर विसंबून राहता येणार नाही. फ्लोराइडसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी, चुना व विरंजक चूर्ण ठरावीक मात्रेत वापरण्याची पद्धत विकसित केली; ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. सक्रिय ॲल्युमिना व आरओ यांची साधनेही उपयोगी पडतात. मात्र त्यांची देखभाल वेळच्या वेळी झाली नाही तर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

तिसरी गोष्ट, स्रोत बदलणे. बांगलादेशात २००० नंतर काही वर्षांत सुमारे ५० लाख नलिकाकूप तपासून विषारी कूपांना तांबडा व निर्दोष कूपांना हिरवा रंग देण्यात आला. दहांपैकी जवळजवळ तीन कूप तांबडे ठरले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही कोणत्या पंपावर घागर भरावी, हे रंगावरून कळू लागले. बाधित कूपाचे पाणी धुण्या-भांड्यांसाठी वापरण्यास बहुधा हरकत नसते. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी तेवढे दुसरीकडून आणावे. छतावर पडणाऱ्या पावसाचे पाणी नीट साठविल्यास त्यात खडकांतील हे दोष नसतात. जंतूंपासून ते जपले म्हणजे झाले.

चौथी गोष्ट आहाराची. दूध, नाचणी, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतून मिळणारे कॅल्शियम आणि पुरेशी प्रथिने शरीराची प्रतिकारशक्ती वाढवितात. निर्दोष पाण्याची जागा आहार घेऊ शकत नाही, परंतु हानी काही अंशी कमी करू शकतो. मिठाचा पुडा घेताना तो आयोडीनयुक्त असल्याची खूण पाहण्यास क्षणभरही लागत नाही.

बदलीवर नव्या गावी गेलेले अधिकारी असोत, शेतात विंधन विहीर घेणारे शेतकरी असोत वा नव्या वसाहतीत घर घेणारे कुटुंब असो, गावात पोहोचल्यावर शाळा व बाजार यांची चौकशी आपण करतोच. त्याच यादीत येथील पाणी कोठून येते आणि ते शेवटचे केव्हा तपासले गेले, हा प्रश्नही असावा. बंगालमधील पहिल्या रुग्णांचे निदान झाले तेव्हा ते अनेक वर्षे तेच पाणी पीत आले होते. एक चाचणी वेळीच झाली असती, तर ती वर्षे वाचली असती.